धरणाकाठचं कालवण

पुण्यात मासळी म्हटलं की पापलेट, सुरमई, बांगडा आणि बोंबील ही नावं पुढं येतात. ही मासळी बर्फात बसून घाट चढते आणि बाजारात भाव खाऊन जाते. त्याच शहरापासून दोनेक तासांच्या वाटेवर भोर आणि वेल्हे हे दोन तालुके चहूबाजूंनी गोड्या पाण्यानं वेढलेले आहेत. तिथं सकाळी जाळ्यात आलेला मासा दुपारी ताटात असतो. पांढऱ्या, कोवळ्या मांसाचा हा मासा स्वस्त आहे आणि ताजा मिळतो. मनापासून शिजवला तर समुद्राच्या मासळीपुढं तो कुठंही कमी पडत नाही. तरी त्याच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. मालवणी, आगरी, सारस्वत घरांतल्या मत्स्याहाराची पुस्तकं भरपूर आहेत. मावळातल्या घरात रोहू किंवा चिलापी कशी करतात, हे मात्र त्या घरापुरतंच राहिलं. ती उणीव थोडी भरून निघावी, म्हणून या पाककृती एकत्र केल्या आहेत.

आधी पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण इथला मासा समजायचा तर इथली धरणं समजली पाहिजेत. भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं पहिलं धरण झालं आणि १९२०च्या दशकात त्याच्या जागी सध्याचं मोठं लॉइड धरण उभं राहिलं. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचं नाव आहे. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जातं. पश्चिमेला, वरंध घाटाच्या अलीकडं हिर्डस मावळात नीरा देवघर आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. त्याचं पाणी दोन दिशांना वाहतं. गुंजवणी दक्षिणेकडं नीरेला मिळते, तर आंबी आणि मोसे या नद्या मुठेकडं जातात. आंबीवर पानशेत आणि मोसेवर वरसगाव. पानशेत १२ जुलै १९६१ला फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. ते पुन्हा बांधलं गेलं आणि त्याचा जलाशय पुन्हा भरला.

या धरणांनी गावं उठवली, भाताची खाचरं बुडवली. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी खाली गेलं की कांबऱ्याजवळचं बुडालेलं शिवमंदिर अजूनही उघडं पडतं. ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातल्या कित्येकांच्या वाट्याला त्या बदल्यात पाणीच आलं. पाण्याकाठच्या कातकरी आणि कोळी वस्त्यांनी त्या पाण्यातून पोट काढलं. मच्छीमार सहकारी संस्थांनी जलाशयात मत्स्यबीज सोडायला सुरुवात केली. म्हणून धरणाकाठच्या या स्वयंपाकाचा बराचसा भाग दोन-तीन पिढ्यांपेक्षा जुना नाही. त्यातली हातोटी मात्र जुनी आहे. ती नदीच्या, ओढ्याच्या माशांवर आधीच घडलेली होती.

नदीचे मूळ मासे वेगळे होते. १८३९च्या सुमारास कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली. इथले मच्छीमार ज्या नावांनी मासे ओळखत, तीच नावं त्यानं कित्येक ठिकाणी शास्त्रीय नावात घेतली. खुद्री, कोळस, मळ्या, शिंगाळा, नुकटा ही नावं आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. यातले काही मासे आता क्वचितच दिसतात. धरणांनी वाहत्या नद्या अडवल्या आणि उभ्या पाण्यात रमणाऱ्या माशांचं राज्य आलं.

ते मासे आले बाहेरून. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले. पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे, कारण बंदिस्त पाण्यात हे मासे अंडी घालत नसत. १० जुलै १९५७ला कटकमध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन त्यांचं प्रजनन घडवून आणलं आणि देशभरच्या तळ्यांत, धरणांत सोडण्याइतकी बोटुकली मिळायचा मार्ग खुला झाला. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. ती १९५२मध्ये भारतात आणली गेली आणि मग कुणी सोडली, कुणी न सोडली तरी पाण्यापाण्यातून पसरली. उजनीच्या काठावर भिगवणला तर तिच्या नावावर खाणावळी चालतात. मरळ मात्र आपली, अगदी गावच्या डबक्यातली. ती हवेत श्वास घेऊ शकते, त्यामुळं बाजारात ओल्या पाटीत जिवंत राहते आणि गिऱ्हाइकासमोर कापली जाते. तिचं मांस घट्ट, पांढरंशुभ्र आणि काटे फार कमी.

गोड्या पाण्याच्या माशाला दोन गोष्टींसाठी नावं ठेवतात. एक, तो चिखलाचा वास मारतो. दुसरं, काटे फार. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींवर इलाज आहे.

चिखलाच्या वासाचं मूळ जिओस्मिन नावाच्या एका द्रव्यात असतं. पाण्यातले नीलहरित शेवाळ आणि काही सूक्ष्म जीव ते तयार करतात आणि माशाच्या कातडीत, चरबीत ते साठतं. पहिल्या पावसात मातीला जो गंध येतो, तोही याच द्रव्याचा. अंगणात तो हवाहवासा वाटतो, ताटात नको असतो. आंबटानं जिओस्मिन विघटित होतं. आपल्या बायकांनी हे रसायनशास्त्राच्या आधी कितीतरी वर्षं ओळखलं होतं. मासा कापला की मीठ-हळद चोळायची, वर चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावून थोडा वेळ ठेवायचा, मग धुऊन घ्यायचा. समुद्राच्या मासळीला जो उग्र वास येतो, तो निराळ्या द्रव्यामुळं येतो आणि गोड्या पाण्याच्या माशात ते जवळजवळ नसतं. म्हणूनच ताजी चिलापी किंवा मरळ नीट धुतली तर तिला वास असा फारसा राहत नाही. रश्श्यात जे घालाल, त्याचीच चव ती घेते.

काट्यांचं म्हणाल तर ते मुख्यतः रोहू-मृगळ या जातीत असतात. त्यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे विखुरलेले असतात. मासा मोठा घेतला तर ते हाताला लागतात आणि काढता येतात. त्रास होतो तो लहान माशात. म्हणून दीड-दोन किलोचा रोहू घ्या आणि त्याचे आडवे तुकडे करा. शेपटाकडचा भाग तळायला ठेवा, पोटाकडचा आणि डोक्याकडचा रश्श्याला. ज्यांना काटे नकोच असतील, घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील, त्यांच्यासाठी चिलापी आणि मरळ आहेत.

बंगालकडं पाहिलं की आपला गोड्या पाण्याच्या माशाबद्दलचा आकस किती उथळ आहे, ते कळतं. तिथं लग्नाच्या तत्त्वात, म्हणजे वधू-वरांच्या घरी जाणाऱ्या भेटींत, रोहूला मान असतो. मोहरी वाटून, दही घालून, बटाटा-फुलकोबीच्या पातळ झोलात तो शिजतो आणि ताटातला सगळ्यांत आदराचा पदार्थ होतो. मासा तोच. फरक इतकाच की बंगाली स्वयंपाकघरानं त्याच्यासाठी रस्सा घडवला. आपण बऱ्याचदा मटणाचा मसाला त्याच्यावर ओततो आणि मग म्हणतो, याला चव नाही.

या पुस्तकात मला जे सांगायचं आहे, ते इथं आलं. पांढऱ्या माशाला वेळ फार थोडा लागतो आणि रश्श्याला जास्त. म्हणून रस्सा आधी पुरता शिजवायचा आणि मासा शेवटी घालायचा. मटणाचं मांस जाड धाग्यांचं. त्यातला चिवटपणा विरघळायला तास-दीड तास उकळावं लागतं आणि त्या वेळात मसाला त्यात मुरतो. माशाचे स्नायू आखूड, त्यांना बांधणारा पडदा नाजूक. साठ अंशांच्या आसपास तो शिजून तयार असतो. पाणी उकळतं शंभर अंशांना, म्हणजे रटरटत्या रश्श्यात मासा पाच-सात मिनिटांपलीकडं ठेवला की तो कोरडा होतो, सुटतो, रश्श्यात भुगा होऊन तरंगतो. मसाल्याचा कच्चटपणा जाईपर्यंत माशाला उकळत ठेवणं म्हणजे माशाची चव मसाल्यासाठी गमावणं. ज्या घरात कालवण चांगलं होतं, त्या घरात हा क्रम कुणी शिकवलेला नसतो, पण पाळला जातो.

वेळवंड खोऱ्यातल्या एका घरात मी हे जवळून पाहिलं. त्या घरच्या काकू दाराशी विळी घेऊन बसल्या होत्या. सुपात तीन चिलाप्या. त्यांनी हाताला चुलीतली राख लावली, कारण मासा हातातून निसटतो. खवले शेपटाकडून डोक्याकडं खरवडले, पर कापले, कल्ले बोटानं ओढून काढले. पोट फाडताना हात मुद्दाम हलका ठेवला. पित्ताची पिशवी फुटली तर सगळा मासा कडू होतो. मग पोटाच्या आतली काळी पातळ साल त्यांनी चिमटीनं धरून सोलून काढली आणि आत मीठ चोळलं. ती साल बऱ्याच घरांत तशीच राहते आणि उग्रपणाचा दोष मग माशाला लागतो.

चुलीवर टोप होता. त्यात दोन पळ्या तेल, ठेचलेला लसूण मूठभर, तो तांबूस झाल्यावर हळद आणि घरचं तिखट. लगेच पाणी घातलं, कारण तिखट जळलं तर सगळं गेलं. आमसुलं टाकली आणि पाण्याला चांगली खळखळून उकळी येऊ दिली. माशाला अजून हात नाही. रश्श्यावर तेलाचा तवंग आला, तसे त्यांनी तुकडे एकेक करून सोडले, जाळ कमी केला आणि मला म्हणाल्या, "ताई, आता यात पळी घालायची नाही." तुकडे हलवायचे तर फडक्यानं टोपाचे कान धरून टोपच हलवायचा. थोड्या वेळानं त्यांनी एक तुकडा बोटानं दाबून पाहिला. मांस काट्यापासून सुटायला लागलं होतं. टोप खाली उतरला, झाकण पडलं. मसाला एवढाच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "मसाला मटणाला. याला लसूण अन् आंबट, बास."

त्या दोन वाक्यांवर या पुस्तकातल्या बहुतेक पाककृती उभ्या आहेत. रस्से निरनिराळे आहेत, पण प्रत्येकात एक आंबट आहे, एक तिखट आहे आणि एक वास देणारी गोष्ट आहे. याहून जास्त काही घातलं की मासा मागं पडतो.

पहिला रस्सा वर सांगितलेला, आमसुलाचा. अर्धा किलो माशाला सहा-सात आमसुलं आणि दोन वाट्या पाणी. आमसूल घाटाखालून येतं. वरंध घाट हा महाडकडचा जुना रस्ता आहे आणि मीठ, आमसूल, सुकट या गोष्टी कोकणातून इकडं याच बाजूनं येत आल्या. म्हणून भोरच्या कालवणात देशावरचं तिखट आणि कोकणचं आंबट एकत्र नांदतात.

दुसरा हिरव्या वाटणाचा. कोथिंबीर देठांसकट, हिरवी मिरची, लसूण, आल्याचा तुकडा आणि मूठभर ओलं खोबरं. हे वाटण तेलावर दोनच मिनिटं परतायचं, नाहीतर हिरवा रंग जातो. लिंबू पिळायचं ते टोप उतरल्यावर. चिलापीच्या सौम्य चवीला हा रस्सा सगळ्यांत जास्त शोभतो.

तिसरा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा, म्हणजे सणावाराचा. कांदा निखाऱ्यावर अख्खा भाजायचा, सुकं खोबरं तव्यावर लालसर करायचं, दोन्ही पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखं बारीक वाटायचं. हे वाटण जड आहे, म्हणून ते रोहू-कटल्याच्या डोक्याला आणि मोठ्या तुकड्यांना द्यायचं. कटल्याच्या डोक्यातला मऊ गर आणि चरबी या रश्श्याला जो दाटपणा देतात, तो खोबऱ्यानं येत नाही. इथं आंबट चिंचेचं, आणि वाटण तेल सुटेपर्यंत परतलेलं. त्या परतण्याला अर्धा तास लागला तरी चालेल, मासा त्यानंतरच टोपात पडतो.

चौथा नारळाच्या दुधाचा आणि तिरफळाचा. तिरफळाची काटेरी झाडं सह्याद्रीच्या जंगलात उगवतात आणि त्यांची हिरवी फळं पावसाच्या अखेरीस मिळतात. बी काढून सालं थोडी ठेचून घालायची. जिभेला किंचित बधिर करणारा, लिंबाच्या सालीसारखा वास रश्श्याला येतो. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा उकळू द्यायचा नाही, फाटतो. म्हणून मरळीचे तुकडे आधी थोड्या पाण्यात वाफवून घ्यायचे आणि दूध शेवटी.

उन्हाळ्यात आमसुलाऐवजी कैरीच्या फोडी घाला. ज्यांच्या मागच्या डोंगरावर करवंदीच्या जाळ्या आहेत, त्यांनी कच्ची करवंदं ठेचून घालून पाहावीत. आंबटाची जागा भरली की रस्सा तोच राहतो आणि ऋतू बदलतो.

या रश्श्यांबरोबर भात हवा. भोर-वेल्ह्याचा पावसाळी पट्टा भाताचाच आहे. पूर्वी घरोघर आंबेमोहोर असे. आता बहुतेक खाचरांत इंद्रायणी असतो. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७मध्ये आलं. इंद्रायणीचा भात किंचित चिकट होतो आणि पातळ रस्सा धरून ठेवतो. आमसुलाच्या कालवणाला तो अगदी जुळतो. भाजलेल्या वाटणाच्या रश्श्याला मात्र नाचणीची किंवा तांदळाची भाकरी घ्यावी.

आता एक गोष्ट, जी मला स्वयंपाकाइतकीच महत्त्वाची वाटते. मृगाचा पाऊस पडला की मासे ओढ्यांतून, खाचरांतून वर चढतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात आणि ते पकडायला अख्खं गाव लोटतं. हा आनंद खरा आहे आणि जुना आहे. पण हे मासे वर चढतात ते अंडी घालायला. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. तिला पकडलं की पुढच्या वर्षीचा मासा आपण आजच खाल्ला. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ओढ्यांवर पहारा नाही, म्हणून तो आपणच ठेवायला हवा. अंड्यांनी भरलेली मादी जाळ्यात आली तर सोडून द्यावी. ओढ्यात ब्लीचिंग पावडर किंवा विषारी औषध टाकून मासे मारणाऱ्याकडून मासा घेऊ नये. थाई मांगूर या आफ्रिकी माशावर बंदी आहे, तो कुठं दिसला तर विकत घेऊ नये. तो देशी मासे फस्त करतो.

घाटाखाली महाड तालुक्यात वाळण कोंड आहे. नदीच्या एका डोहात देवीच्या नावानं खडशी मासे राखले आहेत. लोक त्यांना लाह्या-मुरमुरे टाकतात, पण पकडत नाहीत. आपल्या घाटावरच्या नद्यांतही असे डोह राखता येतील. मासा खाणाऱ्यांनी मासा राखायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

पुस्तक वापरायचं कसं, ते थोडक्यात. सुरुवात चिलापीनं करा आणि आमसुलाच्या रश्श्यानं. वस्तू कमी आहेत, चुकायला जागा कमी आहे. मासा घेताना डोळे पाहा. ते भरलेले आणि चमकदार हवेत. कल्ले उचलून पाहा, आत लाल रंग हवा. बोटानं दाबलं तर मांस परत वर यायला हवं. कापणाऱ्याला पोटातली काळी साल काढायला सांगा आणि तो टाळाटाळ करत असेल तर घरी येऊन स्वतः काढा. प्रमाणं दिली आहेत ती अर्ध्या किलोसाठी, चार माणसांना पुरतील अशी. तिखटाचं प्रमाण भोरकडच्या हातचं आहे. तुमच्या घरी ते जास्त होत असेल तर निम्मं करा. आंबट मात्र कमी करू नका, त्याच्यावर मासा उभा आहे.

या पाककृती ज्या घरांतून आल्या, त्या घरांतल्या बायकांनी त्या कधी लिहून ठेवल्या नव्हत्या. त्यांनी मला चुलीजवळ बसवून घेतलं, मोजायची सवय नसताना माझ्यासाठी वाटीनं मोजलं आणि करून खाऊ घातलं. हे ज्ञान त्यांचं आहे. ते टिकायचं असेल तर ते पुस्तकात पडून राहता कामा नये. या आठवड्यात बाजारात जा, धरणाचा ताजा मासा मागून घ्या, रस्सा आधी उकळा आणि मासा शेवटी सोडा. एकदा जमलं की ही पानं पुन्हा उघडायची गरज पडणार नाही, आणि तसं झालं तर पुस्तकाचं काम झालं असं मी समजेन.